पुसायचे राहिलेले देव

अंबिका लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आली, तेव्हा सासूनं तिला घर दाखवलं नाही. दाखवण्यासारखं काही नव्हतंच. एक खोली, एक मोरी, भिंतीला एक फळी. सासूनं नणंद दाखवली.

"ही मालन," सासू म्हणाली. "हिला मागून हात लावायचा न्हाई. हिच्या ताटात भाताला आमटी लागू द्यायची न्हाई. आणि कामाला लावलंस की काम संपल्यावर 'झालं' म्हणायचं. तू म्हणल्याबिगर ती थांबायची न्हाई."

मालन तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. ती फळीखाली बसली होती. तिनं अंबिकाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. चुड्याकडं पाहिलं. मग पुढं सरकून एकेक बांगडी बोटानं ढकलली आणि सगळ्या सारख्या अंतरावर लावल्या.

अंबिका सोळाची होती. तिला हसू आलं. सासू हसली नाही.

"लोक येडी म्हणत्यात," सासू म्हणाली. "तू म्हणू नको. एवढंच मागणं हाय."

मालन बोलायची, पण ते बोलणं कळायला अंबिकाला दोन वर्षं लागली. "जेवलीस?" विचारलं की ती म्हणायची, "जेवलीस." "पाणी पाहिजे?" की "पाणी पाहिजे." ऐकणाऱ्याला वाटे, पोरगी उत्तर देते. ती उत्तर देत नव्हती. समोरच्याचा शब्द त्याच्याच सुरात परत करत होती, शेजारणीचं भांडं परत करावं तसा. पाणी हवं असलं तरी तेच, नको असलं तरी तेच. हवं असलं तर मात्र पाय आधीच माठाकडं वळलेले असायचे. नको असलं तर पदर दोन्ही कानांवर यायचा. अंबिका ऐकायचं सोडून बघायला शिकली. कधीतरी, महिन्यामहिन्यानं, एखादा शब्द मालनचा स्वतःचा निघे. तो बरोबर जागेवर बसे. पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

गिरणीचा भोंगा झाला की ती फळीखाली शिरायची. नवं लुगडं अंगाला लावून घ्यायची नाही. अंबिका ते आधी स्वतः नेसून, धुऊन धुऊन मऊ करायची आणि मग तिला द्यायची. अंबिकाला मूल झालं नाही. चाळीतल्या बायका त्याचंही खापर मालनवर फोडत. अंबिकानं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

फळीवर देव होते. खंडोबा, मरीआई, आणखी कोणकोण, सासूच्या माहेरचे आणि सासरचे. दोन बोटं रुंदीचे पितळी टाक, पत्र्यावर ठोकून उठवलेले. ते मालनचे होते. रोज सकाळी ती चिंच आणि राख घेऊन मोरीत बसे. एकेक टाक घासायचा, धुवायचा, ओळीनं मांडायचा. मग कोरड्या फडक्यानं एकेक पुसायचा आणि फळीवर आपापल्या जागी ठेवायचा. शेवटचा ठेवला की सासू म्हणे, "झालं." मालन फडकं झटकून खिळ्याला अडकवे, आणि मग तिचा दिवस सुरू होई. त्याआधी ती चहाला तोंड लावत नसे.

सासू गेली तेव्हा जाताना काही बोलली नाही. सांगायचं ते तिनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. त्यानंतर "झालं" अंबिका म्हणू लागली.

मालनचा भाऊ, म्हणजे अंबिकाचा नवरा दौलत, गिरणीत रिंगखात्यात सूत कातायच्या कामाला होता. बहिणीवर त्याची माया होती, पण तिच्याकडं बघायची त्याला भीती वाटे. चारचौघांत तिचा विषय निघाला की तो विडी पेटवायला बाहेर जाई.

अशी वर्षं गेली. मग छप्पन साल आलं.

त्या वर्षी चाळीच्या भिंतीभिंतीवर खडूनं 'संयुक्त महाराष्ट्र' लिहिलेलं होतं. पोरं मोर्चाला जात आणि कधीकधी घरी येत नसत. शेजारच्या चाळीतली कौसल्याकाकी मालवणकडची. नवरा नव्हता. तिचा एकुलता एक मुलगा राजाराम एका मोर्चात पकडला गेला आणि आत जाऊन बसला. कौसल्याकाकी रोज अंबिकाकडं यायची, उंबऱ्यात बसायची आणि तेच तेच विचारायची, "कधी सोडतले गो त्येका?" अंबिकाला माहीत नसायचं.

आणि वर्ष संपता संपता बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर समुद्राहून मोठा समुद्र जमला होता. अंबिका त्या गर्दीत होती. ती किती वेळ उभी होती ते तिला नंतर आठवेना. त्याच आठवड्यात तिनं आणि दौलतनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मालनला नेलं नाही. एवढ्या माणसांत ती टिकली नसती. तिला शेजारणीच्या भरवशावर घरात ठेवून, बाहेरून कडी लावून दोघं गेली.

आता देव जायचे होते. अंबिकाला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या बापाला गावच्या देवळाच्या पायरीला कधी हात लावू दिला नव्हता. त्याच देवाचा टाक आपण घरात कशासाठी घासायचा, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता कोणीतरी विचारलं होतं, आणि उत्तरही दिलं होतं.

चाळीच्या मंडळानं ठरवलं, एका रविवारी सगळ्या चाळीचे देव गोळा करायचे आणि वरळीच्या समुद्रात सोडायचे. काम कुशाबामामाकडं होतं. कुशाबा दौलतचा चुलतमामा, मंडळाचा जुना माणूस. शब्दाचा पक्का. पत्र्याची ट्रंक घेऊन तो सकाळपासून खोल्या घेत निघाला.

"मामा दोन दारं अलीकडं आलेत," दौलत आत येऊन म्हणाला. "तू मालनला नळावर घेऊन जा. ती असली तर गोंधळ घालंल."

मालन मोरीत बसलेली होती. टाक धुऊन ओळीनं मांडले होते.

"तिला सांगायला पाहिजे काहीतरी," अंबिका म्हणाली.

"तिला काय कळतंय!"

अंबिकानं मान हलवली. तिलाही ते खरंच वाटलं. तिनं रिकामी बादली मालनच्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, पाणी." मालन उठली. तिच्या दुसऱ्या हातात फडकं तसंच राहिलं.

दोघी परत आल्या, तेव्हा मोरी रिकामी होती आणि फळीही. दौलतनं फळी पुसूनसुद्धा ठेवली होती.

मालननं बादली खाली ठेवली. फळीवरून हात फिरवला. फळीखाली पाहिलं. घरातली कपड्यांची ट्रंक उघडली. पिठाचा डबा उघडून आत हात घातला. पुन्हा फळीवर हात फिरवला. मग तिच्या पोटातून एक आवाज निघाला. अंबिकानं तसा आवाज कधी ऐकला नव्हता. तो थांबेना. मालन भिंतीशी बसली आणि पुढं-मागं डोलू लागली. तिचा अंबाडा सुटला. हात हवेत थरथरू लागले. तिनं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. अंबिकानं मध्ये स्वतःचा तळहात धरला.

दारात बायका जमल्या. गिरणगावात मोकळे केस, घुमणारा आवाज आणि डोलणारं अंग यांचा एकच अर्थ होता. त्यातून त्याच सकाळी घरातले देव बाहेर काढलेले.

"देवी इली हा," कौसल्याकाकी म्हणाली. तिनं चपला काढल्या, आत आली आणि मालनसमोर पदर पसरला. "आये, माझो राजाराम सुटात मां?"

मालन डोलत होती. "सुटात मां," ती म्हणाली. मग पुन्हा, त्याच सुरात, "सुटात."

कौसल्याकाकी रडत रडत तिच्या पायांवर पडली.

त्याच आठवड्यात राजाराम सुटून घरी आला.

पुढचं कोणाच्या हातात राहिलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बायका येऊ लागल्या. आधी शेजारच्या चाळीतून, मग पार लालबागहून. कोणाचा नवरा दारू सोडत नव्हता. कोणाला मूल हवं होतं. "सोडील का गं आई?" "सोडील." "होईल का?" "होईल." मालन सगळ्यांना सगळं देत होती. तिच्या कपाळाला कुंकू फासत. तिला नको असलेले हात तिच्या अंगाला लागत, पुढून, मागून. उदाचा धूर खोलीत कोंडायचा. बायका गेल्या की मालन मोरीत बसून कपाळ राखेनं घासायची. कातडी सोलवटली. ती जेवेनाशी झाली. रोज सकाळी ती फळीवरून हात फिरवायची, आणि मग तो आवाज.

अंबिकानं दार लावून पाहिलं. बाहेरून थापा पडू लागल्या.

"दार उघड गो! देवीक कोंडून ठेवतंस?"

दारावरच्या थापेनं मालन आणखी जोरात डोलायची. मग बाहेर बायका हात जोडायच्या. अंबिकाला वाटे, आपण दोघी एका विहिरीत उभ्या आहोत आणि वरून लोक फुलं टाकताहेत.

दौलत दोन दोन पाळ्या करू लागला. त्याला घरी यायचं नव्हतं.

मग एके दिवशी संध्याकाळी कुशाबामामा आला. तो बसला नाही.

"दौलत, तुझ्या घरात देवी घुमती. सबंध चाळीनं देव समुद्रात सोडले आणि ह्या खोलीपुढं नारळ फुटत्यात. लोक काय म्हणत्यात ठावं हाय? म्हणत्यात, ह्यांनी देव टाकले, पन देवांनी ह्यांना टाकलं न्हाई."

दौलतनं खाली पाहिलं. "मी काय करू, मामा?"

"गावाला धाड."

"गावात कोण ऱ्हायलंय?"

"मग ठाण्याला. येड्यांच्या इस्पितळात. तिथं डागदर असत्यात."

"ती येडी न्हाई," अंबिका मोरीपाशी उभी होती, तिथून म्हणाली.

कुशाबानं तिच्याकडं पाहिलं. "मग देवी हाय का?"

अंबिकानं पुन्हा नाही म्हणून मान हलवली.

"दोन्हीतलं एक कायतरी सांग, सूनबाई."

तिसरा शब्द अंबिकाकडं नव्हता. चाळीत कोणाकडं नव्हता, मंडळात नव्हता. मुंबईत कुठं असलाच, तर डिलाईल रोडपर्यंत आला नव्हता.

"येत्या मंगळवारी मी येतो," कुशाबा म्हणाला. "ही गर्दी दिसली, तर बुधवारी हिला ठाण्याला न्यायचं. दौलत, तू रजा टाक."

"बरं," दौलत म्हणाला.

अंबिकाला त्या "बरं"चा राग आला नाही. तिला नुसती भीती वाटली. ठाणं तिनं पाहिलं नव्हतं. तिला एक लांब खोली दिसायची आणि तिथं कोणीतरी मालनला मागून हात लावत असायचं. ताटात भातावर आमटी ओतत असायचं. मालन काहीतरी घासत बसलेली असायची, तासन् तास, आणि "झालं" म्हणायला कोणी नसायचं. भाकरी थापतानाही तिला ती खोली दिसायची. तव्यावर भाकरी करपायची.

शनिवारी दुपारी कौसल्याकाकी एकटीच आली. तिनं दार लोटून घेतलं आणि पदराची गाठ सोडली. आत एक टाक होता. देवीचा, जुना, झिजलेला.

"माझ्या माहेरचो. फळीच्या मागे लपवून ठेव. कोणाक कळूचा नाय. देवी शांत झाली की गर्दी आपसूक जातली."

"काकी, आम्ही शपथ घेतलीय."

"तू घेतलंस. ह्या पोरीन खंय घेतल्यान?"

अंबिकानं हात मागं घेतला होता. तो पुढं गेला. तिला स्वतःची शरम वाटली, पण हात पुढं गेला. तिनं टाक घेतला आणि मालनसमोर धरला. हे कुशाबामामाला कळलं तर? दौलतला कळलं तर? आणि मालन शांत झाली, तर रोज हे लपवायचं?

मालननं टाक घेतला. उलटा केला, सुलटा केला. नाकाशी नेला. मग कौसल्याकाकीचा हात ओढून तिच्या तळव्यावर तो ठेवून दिला, आणि पुन्हा फळीवर हात फिरवायला लागली.

कौसल्याकाकीचं तोंड उघडंच राहिलं. "देवीन देवीक परत पाठवल्यान?"

अंबिका मालनच्या दुसऱ्या हाताकडं बघत होती. त्यात फडकं होतं. ते फडकं त्या रविवारपासून तिच्या हातात होतं. झोपतानासुद्धा. बायका त्याला देवीचं वस्त्र म्हणून डोळ्यांना लावत होत्या. अंबिकानं ते धुवायला मागितलं होतं, मालननं दिलं नव्हतं.

देव धुऊन झाले होते. पुसायचे राहिले होते. आपण मध्येच तिच्या हातात बादली दिली आणि म्हणालो, चल, पाणी.

अंबिका मटकन खाली बसली.

"काय झाला गो?" कौसल्याकाकी घाबरली.

"काही नाही काकी. तुम्ही घरी जा. आणि मंगळवारी येऊ नका."

"येऊ नको कसा? मंगळवार हा!"

सोमवारी दुपारी अंबिकानं मालनला समोर बसवलं. हात लावला नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "समुद्रावर जायचं. देव तिथं आहेत. बघायचं. घरी यायचं." असं ती तीनदा म्हणाली. मालन तिन्ही वेळा म्हणाली, "घरी यायचं." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती उभी होती.

वरळीपर्यंत दोघी चालत गेल्या. वाटेत एक ट्रक घोषणा देत गेला. मालननं कान दाबले आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. अंबिका थांबली. ट्रक गेल्यावर पुन्हा म्हणाली, "समुद्रावर जायचं." पुन्हा चालायला लागल्या. अंबिकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण करतोय ते बरोबर की आणखी एक घोडचूक, हे विचारायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.

खडकांपाशी तिनं पाण्याकडं बोट केलं. "देव इथं सोडले."

मालननं पाणी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "भिजले."

हा शब्द अंबिकानं उच्चारला नव्हता. हा मालनचा होता.

"व्हय. भिजले."

"पुसायचे," मालन म्हणाली आणि फडकं घेऊन पाण्यात उतरली.

पाणी घोट्यांवर आलं, पोटऱ्यांवर आलं. खाली दगड निसरडे होते. अंबिकाला ओरडावंसं वाटलं, मागून धरावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. ती लुगड्यासकट पाण्यात शिरली, वळसा घालून मालनच्या पुढं जाऊन उभी राहिली. लाट तिच्या पाठीवर बसत होती.

"मालन, देव गेले. मी जाऊ दिले. तुला सांगितलं न्हाई, ते चुकलं. आता पुसायचे न्हाईत. झालं."

मालननं काही परत केलं नाही. ती अंबिकाच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती.

"झालं," अंबिका पुन्हा म्हणाली.

मालननं फडकं पिळलं. झटकलं. खिळा शोधत असल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं, आणि मग ते अंबिकाच्या खांद्यावर ठेवून दिलं.

मंगळवारी सकाळी मालननं फळीवर हात फिरवला नाही. तिनं फळीकडं पाहिलं आणि भात मागितला. म्हणजे ताट घेऊन चुलीपाशी बसली. अंबिकानं वाढलेला भात तिनं सगळा खाल्ला.

पण मंगळवार होताच. दुपारनंतर जिन्यावर चपला वाजू लागल्या. अंबिकानं मालनला आत बसवलं, दार अर्धं लोटलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. आज पुढं कौसल्याकाकी होती, हातात नारळ. मागं बायकाच बायका. आणि जिन्याच्या तोंडाशी कुशाबामामा, मंडळाची दोन माणसं घेऊन. त्यांच्यामागं दौलत. त्यानं रजा टाकली होती.

"आत देवी नाही," अंबिका म्हणाली. "घरी जा सगळ्या."

"तुज्या म्हणण्यार देवी जाता?" एक म्हातारी म्हणाली. "सरक बाजूक."

अंबिका सरकली नाही. गर्दी पुढं रेटत होती, आतून मालनचा तो आवाज आता सुरू होईल असं वाटत होतं. तिनं मान वळवून आत विचारलं, "मालन, कौसल्याकाकीचा राजाराम पुन्हा तुरुंगात जाणार?"

"जाणार," मालन आतून म्हणाली.

कौसल्याकाकीच्या हातातला नारळ सुटता सुटता राहिला. "अगे आवशी! ह्या काय बोलता?"

बायका मागं हटल्या. "कोपली," कोणीतरी कुजबुजलं. "दारात अडवलंत ना, कोपली देवी!" एकदोघी तिथंच हात जोडून खाली बसल्या. कुशाबाच्या कपाळाला आठी पडली.

अंबिकाच्या लक्षात आलं, आपण विस्तव विझवायला गेलो आणि त्यावर तेल ओतलं. तिनं घाईघाईनं विचारलं, "नाही जाणार?"

"नाही जाणार."

"जाणार?"

"जाणार."

"मालन, मी म्हशीला जन्म दिला?"

"जन्म दिला."

एक तरणी पोर फिस्सकन हसली. तिच्या सासूनं तिला कोपर मारलं आणि मग ती स्वतःच हसली. हसू जिन्यापर्यंत पोचलं. "आणि मी हिला पोरगा होणार का म्हणून विचारत होते!" "अगं, मला पण होईल म्हणाली, नि मी वाण घेऊन आले!" दोन महिने ज्या पायांवर त्या पडत होत्या, त्यांच्यावरच आता हसत होत्या.

आत मालनही हसली. अगदी त्यांच्यासारखं, त्यांच्याच सुरात. हे तिनं केलं होतं. मालनला देवीपणातून सोडवायला तिनं तिला चारचौघांत नाचवलं होतं.

कौसल्याकाकी हसली नाही. "मगे माझो राजाराम सुटलो कसो?" ती हळूच म्हणाली.

"काकी, त्याच्याबरोबरची सगळीच पोरं सुटली. बाकीच्यांच्या आया कुठं आल्या होत्या नारळ घेऊन?"

काकीनं हातातल्या नारळाकडं पाहिलं. "आता ह्येचा काय करू?"

"सोलकढी करा, काकी," मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हसू झालं. बायका जिना उतरू लागल्या. कौसल्याकाकी सगळ्यात शेवटी गेली.

कुशाबामामा पुढं आला. त्यानं दारातून आत डोकावलं. मालन भिंतीशी बसली होती, पदर दोन्ही कानांवर.

"देवी न्हाई," कुशाबा म्हणाला. "ते पटलं. म्हंजे येडीच म्हणायची."

"मामा," अंबिका म्हणाली. तिनं चौकटीला धरलं. "तुमच्या घरातले देव काढले, तेव्हा तुमच्या आईला सांगितलं होतं?"

"म्हंजे? सांगणारच. म्हातारीच्या सासऱ्याचे देव व्हते."

"मग?"

"मग काय. लय रडली. जेवली न्हाई. मी रोज बसून समजावलं. शेवटाला तिनंच आपल्या हातानं ट्रंकेत ठिवले."

"आणि मालनला कोणी सांगितलं?"

कुशाबानं दौलतकडं पाहिलं.

"तिचे होते ते. रोज तीच घासायची. हातातलं काम अर्धं टाकून मी तिला नळावर नेलं आणि तुम्ही मागनं घेऊन गेला. चोरासारखं, मामा. तुमच्या आईला कोणी असं केलं असतं, तर तीबी घुमली असती."

"अंबे!" दौलत म्हणाला.

"तुम्ही म्हणालात," ती दौलतला म्हणाली, "तिला काय कळतंय. मी मान हलवली. दोघांनी मिळून केलं. काल तिला समुद्र दाखवला, सांगितलं. आज जेवली."

"एका दिसानं काय कळतंय?" मंडळाचा एक माणूस म्हणाला.

"न्हाई कळत. उद्या पुन्हा आरडंल. मला ठावं न्हाई." अंबिकाला रडू येत होतं आणि ते तिला नको होतं. "पन ठाण्याला तिला ह्यातलं कोण सांगंल?"

कुशाबा मागं वळला. मग त्यानं दौलतला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

दौलतनं खिशातून विडी काढली. पेटवली नाही. बोटांत फिरवत राहिला. "ऱ्हाऊ द्या, मामा," तो म्हणाला. "घरात ऱ्हाऊ द्या."

"बैठकीत ठेवावं लागंल," कुशाबा म्हणाला आणि माणसं घेऊन उतरला. होय म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.

बैठक झाली. काय ठरलं ते कोणी येऊन सांगितलं नाही. अंबिका दिवस काढत होती. सगळ्या सकाळी चांगल्या नव्हत्या. एकदा दौलतनं फळीवर बाबासाहेबांची तसबीर लावायचं काढलं. अंबिकानं मालनला आधी सांगितलं, तरी मालननं ती उतरवून खाली ठेवली. तसबीर समोरच्या भिंतीवर गेली. फळी रिकामी राहिली. जिन्यावर बुटांचा आवाज आला की अंबिका हातातलं काम सोडून दाराकडं बघायची.

निवडणुका आल्या होत्या. चाळीच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा ठरली. आदल्या दिवशी दुपारी जिन्यावर बूट वाजले. कुशाबामामा एकटाच होता. अंबिकाच्या हातातून पळी पडली.

"उद्याच्याला सभा हाय," तो दारातूनच म्हणाला. "कर्णा ह्याच खांबावर लागनार. तुमच्या खिडकीशी. दुसरा खांब न्हाई, मी बघितलं." तो घसा खाकरला. "म्हणलं, आधी सांगून ठेवावं."

"सांगते मी तिला."

"मीच सांगतो." कुशाबानं बूट काढले आणि आत आला. मालनच्या समोर, जरा लांब, उकिडवा बसला. एवढा मोठा माणूस, त्याला शब्द सापडेना. "मालन. उद्या हितं कर्णा लागनार. लय आवाज व्हनार. मग बंद व्हनार."

"बंद व्हनार," मालन म्हणाली, त्याच्याच जाड आवाजात.

कुशाबा वाट बघत राहिला. आणखी काही आलं नाही. त्यानं अंबिकाकडं मान वळवली.

"कळलं का हिला?"

"माहीत नाही, मामा," अंबिका म्हणाली. "पुन्हा सांगा."